आधी पडायचं

त्या घरात पोरं दोनच होती, पण आवाजावरून शेजाऱ्यांना सात-आठ तरी असावीत असं वाटायचं. थोरली सहा वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती उभी राहिलेली कुणी पाहिलीच नव्हती. धाकटा तीनचा. त्याला हाक मारायला 'धडाम' एवढं पुरे होतं. तो कुठेही पोहोचला की त्याच्याआधी तो आवाज पोहोचायचा. सोफ्याच्या पाठीवरून गादीवर, गादीवरून खुर्चीवर, खुर्चीवरून थेट बाबांच्या मानगुटीवर, असा त्याचा घरातल्या घरात प्रवास चाले. डॉक्टरीणबाईंनी एकदा दोघांना तपासलं आणि आईबापांना म्हणाल्या, "पोरं ठणठणीत आहेत. टॉनिक लिहून देते, ते तुम्ही दोघं घ्या."

पोरांची आई शहराची बस चालवायची. एवढं मोठं धूड ती अरुंद गल्लीतून लोण्यातून सुरी फिरवावी तसं काढायची, आणि घरी आल्यावर या दोन चिमुरड्यांपुढे हात टेकायची. नवरा पूर्वी शाळेत खेळाचा शिक्षक होता. धाकटा झाल्यावर दोघांनी विचार केला, तिची नोकरी पक्की म्हणून ती राहिली आणि तो घरी बसला. म्हणजे बसला असं म्हणायचं. त्या घरात बसायला मिळतंय कुणाला! गल्ली त्याला अजून 'सर' म्हणायची. बायकोही चिडवायला म्हणून सरच म्हणायची, आणि मग तेच नाव पडून गेलं.

सर कामाला चोख होते. सकाळी पोटभर खाणं, मग थोरलीची शाळा, दुपारी झोप, चारला दोघांना घेऊन मैदान. टीव्ही नाही, मोबाइल नाही. धावा, लोंबकळा, पडा, उठा. पोरांचे गुडघे सदा खरचटलेले आणि गाल टवटवीत. बाई डेपोत छाती फुगवून सांगायची, "माझी पोरं बापाने वाढवलीत, कुणी बोट तर दाखवा."

एकच सल होता. भिंगरीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ती ड्युटीवर होती. रविवार होता, नवरा घरी होता, त्याने फोनवर व्हिडिओ पाठवला. तिने तो डेपोच्या बाथरूममध्ये उभ्याने पाहिला आणि नळ सोडून रडली. घरी येऊन तीन-चार दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. बिचाऱ्याचा दोष काय, तर त्याने डोळे उघडे ठेवले होते! पण रागाला एवढी अक्कल असती तर हवं काय होतं? शेवटी त्यानेच तिचे दोन्ही हात धरले. "हे बघ, इथून पुढे या घरात कुठलंच पहिलं तुझ्याशिवाय होणार नाही. शब्द देतो."

तेव्हापासून 'पहिलं' हा त्या घरातला शब्दच झाला. बाई दारातून आत आली की भिंगरी ओरडायची, "आई, उद्या तुझी सुट्टी ना? उद्या एक पहिलं होणारेय!" आणि खरंच व्हायचं. धडाम पहिल्यांदा चालला तो तिच्या सुट्टीच्या बुधवारी, घरातल्या बोळातून, लुटुलुटु, थेट तिच्या मांडीत. भिंगरी पहिल्यांदा पाण्यावर तरंगली ती बुधवारी. पहिली शिट्टी, पहिली कोलांटी, बुटाची पहिली गाठ, सगळं बुधवारी. बाई दर वेळी ढसाढसा रडायची, मग सगळे मिळून आईस्क्रीम खायला जायचे.

तिच्या बसवरचा म्हातारा कंडक्टर, ज्याला सगळे काका म्हणत, एकदा तिकिटं फाडता फाडता म्हणाला होता, "पोरी, तुझी पोरं काय ड्युटीचार्ट बघून वाढतात की काय?"

"नशीब लागतं काका," ती म्हणाली होती.

सायकलचं असंच ठरलं होतं. मागची दोन छोटी चाकं काढून बरेच दिवस झाले होते, पण भिंगरीला तोल काही जमत नव्हता. रोज विचारलं की सर मान हलवायचे. "डुगडुगते अजून. घाई नको. बुधवारी तू ये, तुझ्यासमोर सोडू."

त्या मंगळवारी मोठ्या रस्त्यावर पाण्याची लाइन फुटली. पोलिसांनी बस आतल्या रस्त्याने वळवल्या. त्या रस्त्याने ती कधी बस नेत नव्हती. तो रस्ता तिचा सुट्टीचा, पायी चालायचा. पुढे कचऱ्याची गाडी आडवी लागलेली, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि बस येऊन थांबली ती बरोबर मैदानाच्या जाळीपाशी.

जाळीपलीकडून भिंगरी गेली. लाल सायकल, डोक्यावर निळं हेल्मेट, मागे कुणी नाही. वळणावर तिने सायकल अशी झुकवली की बाईचा श्वास अडकला, आणि सरळ झाल्यावर एक हात सोडून मैदानाच्या वॉचमनला टाटा केला.

बाईचा हात हॉर्नकडे गेला. जमलं! पोरीला जमलं, आणि आपण पाहिलं! बसमधल्या माणसांना ओरडून सांगावं, अहो ती बघा, माझी मुलगी, असं तिला झालं. मग तिने नवऱ्याला शोधलं. तो बाकावर बसला होता, सायकलच्या रस्त्याकडे पाठ करून, संत्रं सोलत. धडाम दांडीला उलटा लोंबकळत होता आणि बाप त्याच्या तोंडात फोडी भरवत होता. भिंगरी मागून एक फेरी मारून गेली, दुसरी मारून गेली. त्याने मान वळवली नाही.

पहिल्यांदा सायकल चालवणाऱ्या पोरीकडे पाठ करून कुठला बाप संत्रं सोलत बसतो?

"मॅडम, गाडी गेली पुढची," मागून कुणीतरी म्हणालं. तिने गिअर टाकला. पुढचे सगळे थांबे तिने नीट घेतले, एकही चुकला नाही.

घरी गेल्यावर तिने ठरवलं, यांना एक संधी द्यायची. कपडेही न बदलता ती खुर्चीत बसली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? आज मैदानावर काय काय?"

"काही नाही," नवरा कणीक मळत म्हणाला. "पकडापकडी."

"आणि सायकल?"

"अगं, डुगडुगतेय अजून. उद्या बघू, तू असताना."

तिने भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी जवळ आली, आईच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली, डोळे मोठे केले. "मला ना आई, भीती वाटते. तू असलीस की नाही वाटणार."

इतकं गोड की कुणीही विरघळलं असतं. बाईच्या अंगावर काटा आला. नवरा खोटं बोलला त्याचा राग आला होता, पण मोठी माणसं खोटं बोलतात, हे तिला माहीत होतं. ही सहा वर्षांची, दूध सांडल्याचं लपवलं तरी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या जिच्या! आज पाळ्या जशाच्या तशा होत्या.

बुधवारी सगळी वरात मैदानावर गेली. सरांनी सीट मागून धरली. "तयार? आई बघतेय हं!" भिंगरी निघाली. डुगडुग, डुगडुग, हँडल इकडे, हँडल तिकडे. काल झुकून वळण घेणारी ती हीच का, असा प्रश्न पडावा. वॉचमन काठी टेकून लांबून बघत होता आणि मिशीत हसत होता. त्यालाही माहीत होतं. मैदानावरच्या बायकांना माहीत असणार, फुगेवाल्याला माहीत असणार. एक आपणच काय त्या भोळ्या, दर बुधवारी येऊन रडून जाणाऱ्या!

सरांनी सीट सोडली. भिंगरी चार हात गेली, दहा हात गेली, आणि बाकावर उभा असलेला धडाम खच्चून ओरडला, "ताई! आधी पडायचं! तू पडलीच नाहीस!"

भिंगरीने ब्रेक मारला. मैदानात एकदम शांतता झाल्यासारखं बाईला वाटलं, खरं तर पोरं ओरडतच होती. ती बाकापाशी गेली आणि धडामसमोर उकिडवी बसली.

"आधी पडायचं, मग काय रे बाळा?"

धडामला आपल्याला उत्तर येतंय याचा कोण आनंद! बोटांवर मोजत त्याने सांगितलं, "आधी पडायचं. मग उठायचं. मग जायचं. मग आई रडते. मग आईस्क्रीम."

मग आई रडते. जाण्याच्या आणि आईस्क्रीमच्या मधोमध तिच्या रडण्याला जागा ठरवून दिलेली होती. ती उठली. नवरा दोन पावलं पुढे आला होता, तोंड पडलेलं.

"काल डायव्हर्शन होतं," ती म्हणाली. "इथून गेले मी. किती दिवस चालवतेय ती?"

"अगं, ऐकून तर घे..."

"किती दिवस?"

"झाला असेल महिना."

"आणि पाणी? शिट्टी?" तिने धडामकडे बोट दाखवलं. "आणि धडाम? बोळातून माझ्याकडे चालत आला, ते?"

त्या चालण्याचा व्हिडिओ तिने किती वेळा पाहिला होता! डेपोत, जेवणाच्या सुट्टीत, दिवस वाईट गेला की पुन्हा. धडाम दोन्ही हात पुढे करून येतो आणि ती 'आला, आला' करून किंचाळते. आता कळलं की तिच्याशिवाय त्या बोळात सगळ्यांना माहीत होतं तो पडणार नाही म्हणून.

"तो आठवडाभर आधीच चालत होता," नवरा म्हणाला. "तू घरी आलीस की मी त्याला मुद्दाम कडेवरच ठेवायचो. मी काय करू? पोरं थांबतात का? पहिल्या वेळी काय हाल करून घेतले होतेस स्वतःचे. मला ते परत बघवणार नव्हतं. सगळं तुझ्यासाठीच केलं ना."

"फोन करायचास. मी रडले असते आणि गाडी काढली असती. तेवढं येतं मला." तिने जाळीकडे तोंड फिरवलं. "लोकांसमोर किती मिरवलंय मी, सर. केसाने गळा कापलात माझा. आणि पोरीला पडायचं नाटक शिकवलंत."

बायको 'तुम्ही'वर आली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून की काय, तो खरं बोलून गेला. "पडायचं मी नाही शिकवलं. ती म्हणाली, एकदम जमलं तर आईला खरं वाटणार नाही."

पोरीने आईचा एवढा अभ्यास केला होता! काय पाहिलं की आई फसते, कुठे विरघळते, हे तिने पाढ्यांसारखं पाठ केलं होतं. आणि शिकवणी घरचीच.

भिंगरी सायकल हातात धरून लांब उभी होती. बाईने तिला हाक मारली. "ये. जशी रोज चालवतेस तशी चालव. मला बघायचंय."

भिंगरीने आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, तेव्हा कुठे ती सायकलवर बसली. आणि मग काय सुटली! वाऱ्यासारखी गेली, वळणावर झुकली, एक हात सोडला, मग दोन्ही सोडले. देखणी चालवत होती पोरगी. बाईने ते सगळं पाहिलं. डोळ्यांत टिपूस आलं नाही. एरवी नुसत्या आठवणीने रडणारी ती, तिला त्याचंही वाईट वाटलं, आणि संतापही आला. रडणं तरी आपलं राहू द्यायचं होतं यांनी.

फेरी संपवून भिंगरी समोर येऊन थांबली. धापा टाकत तिने आईचा चेहरा नीट न्याहाळला.

"आई, तू रडली नाहीस."

"नाही."

भिंगरीचा ओठ थरथरला. तिने सायकल तशीच खाली टाकली आणि आईच्या कमरेला घट्ट मिठी मारली. वर बघितलं, डोळे मोठे, काठोकाठ भरलेले. "मी परत कधी खोटं नाही बोलणार आई. कधीच. खरंच सांगते."

बाईने तिचे केस बाजूला केले आणि कानाच्या पाळ्या पाहिल्या. पोरीने एवढी सायकल हाणली होती की सगळं तोंडच लाल झालेलं, त्यातून काही कळेना. खरं असेलही. सहा वर्षांची लेकरं मनापासून रडतात. तिने पोरीला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला, "हो गं, हो," म्हणाली. आणि पोरीच्या डोक्यावरून ती नवऱ्याकडे बघत राहिली, तो काही खुणावतोय का ते.