तुलाभारातला बत्ता

रविवारी सकाळी पाव विकणारा पोदेर भोंपू वाजवत चोपड्याच्या रस्त्याने निघून गेला. घरात चहा-पाव चालू असताना सत्यवतीने नातीच्या दुपट्यात खलातला पितळेचा बत्ता गुंडाळला.

"आई, ह्या कित्याक?" तिच्या मुलाने, गौरेशने विचारले.

"आज देवीक गुळाचो तुलाभार मरे! चेडवाक तागडीत घातल्यार चार ढेकळांत तुलाभार संपतलो. लोकांक तोंड खंय दाखवतलंय?"

"देवीक फसयतंस गो?"

"फसयतंय कशी? देवीक गूळ जास्तीच मेळतलो."

गौरेश हसला आणि त्याने पाव पुन्हा चहात बुडवला. त्याची बायको गौरवी तेव्हा न्हाणीत होती.

लग्नानंतर मूल होईना, तेव्हा शेजाऱ्यांनी गौरवीला ओटी भरायला बोलावणे बंद केले होते. तपासणीत उणीव गौरेशची निघाली. ती गोष्ट घराबाहेर गेली नाही. टेस्ट-ट्यूब बाळासाठीची इंजेक्शने मात्र गौरवीने घेतली, कारण उपचार त्याच्यासाठी असला तरी शरीर तिचे लागते. त्या इंजेक्शनांनी तिच्या रक्तातले इस्ट्रोजेन फार चढले. डॉक्टर सिद्धी स्पष्ट म्हणाल्या, "भ्रूण आत्ता गर्भाशयात ठेवायला नको. गोठवून ठेवू. ही पातळी खाली येऊ दे, नाहीतर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढू शकतो. गौरवीलाही त्रास होईल."

सत्यवतीने देवळात प्रसाद लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवून विचारले, याच महिन्यात करू? उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. गौरेशने दवाखान्यात आईचाच निरोप सांगितला. डॉक्टरांनी दोनदा बजावले, गौरवीकडे पाहिले. सासू खोलीच्या दारात उभी होती. गौरवीने होकाराची मान हलवली.

मुलगी दोन किलोंच्या आत जन्मली. गौरवी काचेच्या पेटीला हात लावून बसायची, आणि गावात सत्यवती सांगत फिरायची, "सून पोटुशी असताना उपाशी रवली. मास्तरीण मगे ती, बारीक दिसाक होया!"

देवळात गर्दी होती. रामचंद्रभटांनी तागडी टांगली.

"चल गो, बेगीन," सत्यवती म्हणाली. "मागीर प्रसाद लावूक होयो. दुसऱ्या खेपेक चेडू नको, झील होयो. होच महिनो बरो काय, ता विचारतंय."

गौरवी थबकली. "दुसरी खेप? कोणी ठरयली?"

सत्यवतीने नात तागडीत ठेवली. बाळ किंचाळून रडू लागले. गौरवीने दुपटे चाचपले. बोटांना काहीतरी थंड, कडक लागले. तिने बत्ता बाहेर काढला. देवळात कोणीतरी फिसकन हसले.

"आई, हो हिच्या कुशीत रुततालो!"

"तुझ्याच लाजेखातीर केलंय गो. तुवें खाल्ला आसता तर..."

"मी जेवतालंय. तुमीच वाढतालात." गौरवी म्हणाली. "ही त्याच कारणान ल्हान झाली, असा डॉक्टरय खात्रीन सांगूक शकनत. पण धोको सांगलेलो. थांबा म्हणून सांगलेला. तुमी देवीक विचारलात. माका कोणी विचारला?"

"देवळात आवाज चढयता! गौरेश, सांग मरे बायलेक!"

गौरेश खांबाला टेकून उभा होता. गौरवी त्याची वाट पाहत राहिली. एका वाक्याचे काम होते. दोष माझ्यात होता, एवढेच. तो फरशीकडे पाहत राहिला.

गौरवीने मुलीला उचलून दुपटे सोडले. नुसत्या झबल्यात मुलीला तागडीत ठेवले. "भटजी, आता गूळ घाला."

ढेकळे थोडीच लागली. गुळाची टोपली जवळजवळ भरलेलीच राहिली. भटजींनी पाकळ्यांसाठी हात पुढे केला, तशी गौरवी म्हणाली, "पाकळ्यो लावू नकात. दुसऱ्या खेपेक शरीर माझा लागता. माका होया तेव्हा, आणि डॉक्टर बरा म्हणतली तेव्हाच. नायतर नायच."

तिने बत्ता गौरेशच्या हातात दिला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. खिशात मावत नव्हता.

पायऱ्यांवर शेजारच्या सोनमने तिला गाठले. डोळे बाळाच्या उघड्या पायांवर होते.

"कितली भरली गो?"

"आसा तितकी," गौरवी म्हणाली, आणि मुलीला छातीशी धरून उन्हात उतरली.