प्रार्थनेचा विषय

"पाऊल आत टाकू नकोस," टेलरबाई म्हणाल्या. मागचं दार त्यांनी निम्मंच उघडलं होतं आणि उरलेल्या जागेत स्वतः उभ्या होत्या. "तुझा तो डबा उचल आणि घरी जा."

डब्यात कापूस, बँडेज, चिमटा आणि औषधाची बाटली होती. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, पण अख्ख्या गल्लीसाठी अजून सिस्टरच असलेल्या सिस्टर तो डबा घेऊन रोज याच दाराने यायच्या. मुलगा आणि सून कामावर गेले, की आतली खोली बंद व्हायची. टेलरबाईंच्या छातीत गाठ होती, ती फुटून जखम झाली होती, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्यांची मापं घेण्यात जन्म गेलेल्या बाईने स्वतःसाठी ढगळ झगे शिवले होते, मग कुणाला काय कळणार?

"अगं, ड्रेसिंग राहिलं तर चिघळेल ते."

"चिघळू दे. काल तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका आल्या होत्या, फळं घेऊन. माझ्या सुनेसमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि माझ्या छातीसाठी प्रार्थना केली. तिच्या हातातली बशीच पडली."

सिस्टर म्हणाल्या, "मी नाव घेतलं नव्हतं गं."

"शेजारची शिवणकाम करणारी बहीण म्हणालीस म्हणे. मग नाव कशाला लागतंय?" टेलरबाईंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आणि सोमवारी मी हॉस्पिटलला येत नाही. जाहीर झालेलं दुखणं घेऊन मला कुठे जायचं नाही."

दार लागलं. सिस्टर डबा छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. आपण नेमकं काय केलं, हे त्यांना धड कळेना.

आता बघा, दर बुधवारच्या प्रार्थनासभेत चर्चचे पाळक विचारायचे, "कुणाचे विषय आहेत?" मग एकेक जण उठायचं. कुणाचा गुडघा, कुणाच्या नातवाची परीक्षा. मंडळीतल्या निम्म्या बातम्या याच वाटेने घरोघर पोहोचायच्या, पण त्याला बातमी म्हणायची कुणाची टाप नव्हती. सिस्टरही उठल्या होत्या. किती मिनतवाऱ्या केल्यावर टेलरबाई सर्जनला दाखवायला तयार झाल्या होत्या. आयत्या वेळी कच खातील, या भीतीने सिस्टरांना वाटलं, आपल्या एकटीच्या प्रार्थनेने भागायचं नाही, चार जणांचा हातभार हवा. बोलताना त्यांचा गळाही दाटून आला होता. सगळी सभा हळहळली होती.

दया आणि प्रार्थना, मिशनचं सगळं घर या दोन पायांवर उभं आहे, असं दवाखान्यातल्या जुन्या मेट्रन सांगायच्या. आणि कसं सांगायच्या, तर नळाखाली हात धरून. रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि धुताना मनात त्याच्यासाठी प्रार्थना करायची. प्रार्थना संपेपर्यंत नळ बंद करायचा नाही. म्हणजे हातही स्वच्छ होतात आणि मनही, आणि दोन्हीत घाई होत नाही. सिस्टरांनी जन्मभर तेच केलं. मग आज दयेने केलेली प्रार्थना दयेच्याच मुळावर कशी आली?

सिस्टर पाळकांकडे गेल्या. पाळक वयाने त्यांच्या मुलासारखे. ते म्हणाले, "सिस्टर, हेतू चांगला होता ना तुमचा?"

"हेतू काय हो, तो सगळ्यांचाच चांगला असतो. फळं घेऊन गेलेल्यांचाही होता."

"मग मनाला लावून घेऊ नका. आपण यासाठी प्रार्थना करू."

"आता यासाठीही?" सिस्टर म्हणाल्या. पाळकांनी समोरची वही मिटली. सिस्टरांना त्यांची उलट दयाच आली.

सोमवार गेला. घरी सिस्टर गुडघे टेकायच्या, पण शब्द फुटायचे नाहीत. माफी मागावी, तर देवाकडे काय म्हणून मागायची? त्याचं तर काही बिघडलं नव्हतं. आणि तेव्हा गळा दाटला तो टेलरबाईंसाठी, की सभा ऐकते आहे म्हणून? छे, असलं काही मनात आणायचं नाही, असं त्या स्वतःला बजावायच्या आणि पुन्हा तेच मनात यायचं.

मग एका सकाळी सूनच बोलवायला आली. "तुम्ही चला. मी पट्टी बदलायला गेले, पण मला जमलं नाही, त्यांना दुखलं. आई म्हणाल्या, तिलाच बोलाव, तिचा हात हलका आहे."

टेलरबाई मशीनपाशी बसल्या होत्या, पण मशीन झाकलेलं होतं. चेहरा उतरला होता. मुलगा सगळं ऐकून लहान पोरासारखा रडला होता. शेजारणीला सांगितलंस आणि मला नाही, असं म्हणाला होता. "तेवढंच लागलं बघ मला," त्या म्हणाल्या. "मी स्वतः सांगणार होते त्याला. माझ्या तोंडाने, माझ्या वेळेला. ते तू घेतलंस माझ्याकडून."

"चुकलं माझं."

"देवाला सांगितलंस त्याचा राग नाही. तो पुढे जाऊन कुणाला सांगत नाही."

सिस्टर नळाशी गेल्या, बाह्या वर केल्या. पाणी हातावर पडत राहिलं. प्रार्थना करावी की करू नये, हेच ठरेना, त्यामुळे नळ कधी बंद करायचा तेही कळेना. बोटं लाल झाली.

"किती वेळ?" मागून टेलरबाई म्हणाल्या. "सालटं निघतील हातांची."

"प्रार्थना झाल्याशिवाय थांबायची सवय नाही गं मला."

टेलरबाईंनी झग्याची बटणं काढायला घेतली. "मग कर बाई. मनातल्या मनात कर. पण लवकर आटप, दुखतंय मला."

पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी सांगितलं, मुलाने सर्जनला गाठलं होतं, गुरुवारी सकाळी ऑपरेशन होतं. "तू बरोबर ये. पण ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये."

आणि गुरुवारच्या आधी बुधवार येतोच.

सभा भरली. फळं घेऊन गेलेल्यांपैकी एक बाई मुद्दाम शेजारी येऊन बसली आणि कुजबुजली, "कशी आहे हो ती तुमची बहीण?"

"तिचं तिला विचारा," सिस्टर म्हणाल्या. मग वाटलं, हिने खरंच जाऊन विचारलं तर? "नाही, विचारूही नका."

पाळकांनी विषय विचारले. एक गुडघा झाला, एक परीक्षा झाली. सिस्टरांच्या मनात एकच गोष्ट होती. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर टेलरबाई असणार, आणि इथे भरलेल्या सभागृहातला एकेक माणूस आज रात्री तिच्यासाठी गुडघे टेकायला तयार होता. मागायचा अवकाश होता. तिच्या जिवासाठी हे मागायचं नाही, ही दया की निष्ठुरपणा? सवयीने त्या उठून उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना वळल्या. पाळकांनी पेन उघडलं.

"बोला सिस्टर."

सिस्टरांनी तोंड उघडलं.

"माझा आज काही विषय नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पाळकांनी पुढच्या माणसाकडे पाहिलं. सिस्टरांचे दोन्ही हात मांडीवर होते. सभा संपेपर्यंत ते एकमेकांवर हळूहळू चोळले जात होते, नळाखाली धरल्यासारखे.