मंजू भांड्यावर बसेना

धुळ्याच्या एका सूतगिरणीत बायका कामाला येत आणि त्यांची लहान मुलं वत्सलाबाईंच्या पाळणाघरात राहत. वत्सलाबाई मायाळू होत्या, पण शिस्तीच्या पक्क्या. बाकीची मुलं सांगितलं की शीच्या भांड्यावर बसत. अडीच वर्षांची मंजू मात्र भांडं दिसताच अंग ताठ करून किंचाळायची आणि मग चड्डीतच करायची.

एके दिवशी वत्सलाबाईंचा संताप अनावर झाला. त्यांनी मंजूला दंड धरून भांड्यावर दाबून बसवलं. "शी केल्याशिवाय उठायचं नाही!" बाकीची मुलं हसली. मंजू रडून रडून थकली, पण तिने काही केलं नाही. त्यानंतर ती घरीही शी अडवून धरू लागली. पोट फुगलं, ताप चढला, दवाखान्यात न्यावं लागलं.

तिची आई कमलबाई पाळणाघरातले मंजूचे कपडे न्यायला आली, ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तिले भांडानी भीती वाटस. घर मी तिले मन्हा पायवर बसाडस. तुमी इचारं आसतं, तं सांगं आसतं."

पुढे नवं मूल आलं की वत्सलाबाई आधी आईला त्याच्या सवयी विचारू लागल्या. मंजू मात्र पिंपळनेरला, आजीकडे गेली होती.

दिवाळीला मंजू धुळ्याला आली, तेव्हा बाजारात मायलेकी समोर आल्या. वत्सलाबाईंनी हसून हात पुढे केला. मंजूने त्यांना ओळखलं, आईचं लुगडं घट्ट धरलं आणि उभ्या जागी तिचा नवा परकर ओला झाला. कमलबाई तिला कडेवर घेऊन निघाली. वत्सलाबाईंना हाक मारायची होती, पण आपला आवाज ऐकून ती पुन्हा घाबरेल म्हणून त्या गप्प राहिल्या.