वाडगा देणारी बाई

सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ती बाई आली. तिच्या हातात वाडगा होता, तिच्या शेजारच्या खुर्चीत जहाजमालक ऐसपैस पसरला होता आणि सभागृहाच्या तिसऱ्या रांगेत कुणीतरी घोरत होतं.

“तिचा खालचा ओठ बघा,” सर म्हणाले. “दुमडलेला आहे. आता हात बघा. डावा हात. त्या काळी मालकाला डाव्या हातानं काही देणं म्हणजे सरळसरळ अपमान. ज्या जहाजमालकानं हे चित्र काढवून घेतलं, त्याच्याच पेढीच्या भिंतीवर चित्रकारानं त्याचा पाणउतारा करून ठेवला. आणि त्या गृहस्थाला मरेपर्यंत पत्ता लागला नाही.”

इथं हशा यायला हवा होता. विद्यापीठात दरवर्षी याच वाक्याला यायचा. इथं पहिल्या रांगेतल्या टाईल्सवाल्या शेठनी जांभई गिळली आणि हात वर केला.

“सर, उद्या उतरायचं तिथं लिफ्ट आहे का हो?”

“पायऱ्या आहेत. फार नाहीत.”

“आणि बाथरूम?”

सरांनी पुढचं बटण दाबलं.

कलाप्रेमींसाठीची खास सफर, असं जहाजाच्या जाहिरातीत म्हटलं होतं. मजल्यांना रंगांची नावं होती. स्नानगृहातला साबण चित्रकाराच्या रंगपाटीच्या आकाराचा होता, नाश्त्याला लोण्याचा पुतळा असे, आणि पहिला चमचा त्याच्या कुठल्या अवयवाला लावायचा यावर रोज तेच विनोद होत. प्रत्येक बंदराला एक जुनं शहर, प्रत्येक शहरात एक देऊळ, किल्ला किंवा संग्रहालय आणि आदल्या दुपारी त्यावर सरांचं व्याख्यान. लोक उतरत, चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत, टोप्या विकत घेत आणि जेवायला परतत. शेठना कुठलाही पुतळा दाखवा, ते आधी बोटानं टकटक करून दगड कुठल्या खाणीतला असेल ते सांगत. निवृत्त न्यायाधीश सगळ्या कलाकृतींबद्दल एकच निकाल देत, “ठीक आहे.”

सर या सगळ्यांशी अदबीनं बोलत. त्यांना दुसरं काही जमतही नसे. चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे ते आधी आरशासमोर वाक्यं घोकत, आणि तरी व्याख्यान संपलं की आपण कुठं चुकलो याचा काथ्याकूट करत बसत. पण आतल्या आत त्यांनी या माणसांना कधीच निकालात काढलं होतं. त्यामुळं बरं वाटे. ज्यांची किंमतच नाही, त्यांच्यासमोर घाबरायचं कशाला?

फक्त उद्याचं तसं नव्हतं. पेढीचं ते दालन कित्येक वर्षं कुलपात होतं. छत खचलं म्हणून बंद झालेलं, ते आत्ता कुठं डागडुजी होऊन उघडत होतं. बंद होण्याआधी सरांच्या गुरूंनी त्या भिंतीची एकुलती एक स्लाइड काढली होती. गुरू गेले, स्लाइड सरांकडे आली आणि तिच्यावरून सरांनी आपलं एकमेव पुस्तक लिहिलं. डाव्या हाताचा शोध त्यांचा. त्यांचं नाव कुणी घेतलंच तर त्या हातामुळं घेत. आयुष्यभर ज्या बाईवर बोलले, तिच्यासमोर ते उद्या पहिल्यांदाच उभे राहणार होते. आणि निदान तिच्यासमोर तरी या लोकांनी दोन मिनिटं तोंड मिटून उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

सभागृहाच्या दाराशी व्यवस्थापिका पिशव्या वाटत होती. कापडी पिशवीवर त्यांच्याच स्लाइडवरून छापलेली ती बाई होती, वाडगा आणि जहाजमालकासकट.

“सर, तुम्हाला दोन,” ती म्हणाली. “एक काकूंना.”

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. जहाजावर सगळे त्यांना काकूच म्हणत. त्या वर डेकवर चहा घेत होत्या. पिशवी बघून खूश झाल्या.

“शिवण चांगली आहे हो. भाजीला होईल.”

“होईल की.”

“शेठांच्या बायकोनं आज मला पत्त्यांचा नवा डाव शिकवला. हसून हसून पोट दुखलं. माणसं वाईट नाहीत हो.”

“वाईट असायलाही आत काहीतरी असावं लागतं,” सर म्हणाले.

“हळू बोला. त्यांच्याच टेबलावर जेवतो आपण.”

“माझा चित्रकारही जहाजमालकाकडेच जेवत असणार.”

काकूंनी कपात साखर ढवळली. मग जरा चाचरत म्हणाल्या, “उद्या मी पुढं उभी राहू का? लांबचं मला नीट दिसत नाही.”

“पुढं उभी राहून काय बघणार आहेस?” सरांनी हसून विचारलं. ते बायकोवर कधी ओरडत नसत. “झग्याचं कापड? कितीला मीटर पडलं असेल ते?”

काकूही हसल्या. “खरंच, मला काय कळतंय त्यातलं,” असं म्हणून त्यांनी चहा संपवला.

सकाळी पेढीच्या पायऱ्या चढताना शेठनी दोनदा थांबून दम खाल्ला आणि दोन्ही वेळा पायऱ्यांचा दगड घसरडा असल्याचं जाहीर केलं. दालनात अंधार होता. गोलमटोल रखवालदारानं एकेक खिडकी उघडली, तसा उजेड भिंतीवर चढत गेला. आधी समुद्र दिसला, मग खुर्चीचे पाय, मग जहाजमालक.

जहाजमालक डावीकडे बसला होता.

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. पडद्यावर तो नेहमी उजवीकडे बसायचा. समुद्र डावीकडे असायचा; इथं तो उजवीकडे होता. शेवटची खिडकी उघडली आणि बाई दिसली. समोर तोंड करून उभी, वाडगा जहाजमालकाकडे पुढं केलेला. उजव्या हातानं.

स्लाइडची फिल्म चौकटीत सुलटी बसते तशी उलटीही बसते. सुलट बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात ठिपका काढायची पद्धत असते. गुरूंच्या स्लाइडवर ठिपका नव्हता. सरांनी ती जशी हाती आली तशी प्रोजेक्टरमध्ये घातली होती आणि पडद्यावरच्या बाईनं डावा हात पुढं केला होता. इतका नामी हात की तो खरा आहे का, हे तपासायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

“सर?” व्यवस्थापिका हळूच म्हणाली. “सुरुवात करायची?”

मंडळी अर्धवर्तुळात उभी होती. प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी होती आणि प्रत्येक पिशवीवर जहाजमालक उजवीकडे बसलेला होता. समोरच्या भिंतीवर तोच माणूस, तीच खुर्ची, सगळं उलट. एकाही डोळ्याला ते खटकलं नव्हतं.

“अरे वा!” शेठनी बोट दाखवलं. “हाच तो डावा हात! काय मुजोर बाई आहे बघा. मालकाला डाव्या हातानं!”

“कुठला हो?” त्यांच्या बायकोनं विचारलं.

“अगं हा काय, डावीकडचा.”

बाकीच्यांनी डावीकडे पाहून माना डोलावल्या. फोन वर गेले. न्यायाधीश म्हणाले, “ठीक आहे.” मग थोडं थांबून, “बरंच ठीक आहे.”

गप्प बसलं तरी चालणार होतं. सरांना ते लख्ख दिसलं. ही माणसं अशीच घरी जातील, चार लोकांना डावा हात दाखवतील आणि पुस्तक शाबूत राहील. जिची इतके दिवस चीड येत होती, ती त्यांची बेफिकिरीच आज छत्रीसारखी डोक्यावर उघडली होती. छत्रीखाली उभं राहायची त्यांना किळस आली.

“हा उजवा हात आहे,” सर म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

“तिचा उजवा हात आहे. माझी स्लाइड उलटी होती. मी… माझं चुकलं. पिशवीवर बघा, मालक कुणीकडे आहे आणि भिंतीवर कुणीकडे आहे.”

सगळ्यांनी पिशव्या पाहिल्या. भिंत पाहिली. थोडी कुजबुज झाली. मग शेठ पुढं आले आणि त्यांनी सरांचा दंड हलकेच धरला.

“पिशवी उलटी छापलीये हो. छापखानेवाले कुठलेही घ्या, बेजबाबदार जात. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

“तसं नाही. तिच्या बाजूनं विचार करा. ती आपल्याकडे तोंड करून उभी आहे, म्हणजे तिचा उजवा—”

“सर, सर. आपण बघतोय ना? मग आपल्या बाजूनं बघायचं. हा बघा माझा डावा हात आणि तो बघा तिचा. एकाच अंगाला आहेत की नाही?” शेठनी स्वतःचा हात वर करून दाखवला, आणि सरांनाही तसा हात वर करायला लावला.

“शिवाय पुस्तकात डावा छापलाय,” न्यायाधीश म्हणाले. “लेखी पुराव्यासमोर तोंडी जबाब टिकत नाही.”

मंडळी हसली. कालपासून सर ज्या हशाची वाट पाहत होते, तो हाच.

“ऊन लागलंय त्यांना,” शेठांची बायको म्हणाली. “खुर्ची द्या कुणीतरी.”

रखवालदाराची खुर्ची आली. सरांना तिच्यावर बसवण्यात आलं. व्यवस्थापिकेनं पाण्याची बाटली दिली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “सर, तुम्ही छान सांगितलंत हं सगळं. आता आराम करा.” कुणी आवाज चढवला नाही. सगळ्यांच्या तोंडावर हसू होतं. हा सूर सरांच्या चांगल्या ओळखीचा होता. फक्त तो ऐकायची वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नव्हती.

मंडळी कॉफीसाठी खाली गेली. पायऱ्यांवरून शेठांचा आवाज ऐकू येत राहिला, “वय झालं हो. पण माणूस हुशार होता.”

सर भिंतीकडे बघत बसले. खरं तर आत्ता पहिल्यांदाच बघत होते. वाडग्याच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ होती, केसाएवढी. स्लाइडमध्ये ती कधी उतरलीच नव्हती. ती आतल्या पेयाची होती, म्हणजे वाडगा अगदी काठापर्यंत भरलेला होता. एक थेंब सांडू नये म्हणून बाईनं खालचा ओठ दाताखाली धरला होता, एवढंच.

मागं पावलं वाजली. काकू खाली गेल्याच नव्हत्या. सगळ्यांच्या मागं उभ्या होत्या, आता पुढं आल्या. भिंतीपासून हातभर अंतरावर थांबून त्यांनी मान तिरकी केली.

“अहो,” त्या कचरत म्हणाल्या, “मला तर उजवाच दिसतोय.”

“उजवाच आहे.”

काकूंनी मान हलवली. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वळून निघू लागल्या.

“थांब जरा,” सर म्हणाले. “अजून काय दिसतंय तुला?”

काकू थांबल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. सरांच्या तोंडाकडे पाहिलं, ओठांच्या कोपऱ्यांकडे, आणि ते हसतायत की काय, हे त्या बराच वेळ निरखत राहिल्या.