पिंपावरचं नाव

साल वाळून गुंडाळली गेली होती, नखाएवढी, आणि तिच्या आतला पांढरा पापुद्रा तिनंच सुरीनं खरवडून काढला होता, कारण तो राहिला की बीअरला नको तो कडूपणा येतो – हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिलाच कळलं होतं. संत्र्याच्या सालीचा एवढासा तुकडा. पण बोटांत धरला की बोटांना वास लागतो आणि मग दिवसभर जात नाही, भांडी घासा, आंघोळ करा, काही करा... तिनं तो बरणीत परत टाकला आणि झाकण घट्ट लावलं. या वर्षी काहीही चालेल, पण संत्रं नको.

टेबलावर अकरा बरण्या होत्या, आणि सकाळपासून ती तळघरात त्यांच्यासमोर बसली होती, नापास होणार हे आधीच माहीत असलेल्या मुलीसारखी. मागं घडवंचीवर लहान पिंप आडवं टाकलेलं, वरच्या अंगाचं भोक अजून उघडं. आत कोवळी बीअर. बाटलीतल्यासारखी गाळून निवांत केलेली नव्हे. ही पिंपात गेल्यावरही जिवंत असते, आतल्या आत आंबत राहते, आणि तिच्यात मलमलीची पुरचुंडी सोडली की पुरचुंडीत जे असेल ते आठ दिवसांत अंगी लावून घेते. वर्षभर या कारखान्यात एकच बीअर व्हायची, एकाच पद्धतीनं. फक्त वर्षातून एक पिंप मोकळं. त्यात मनाला येईल ते घालावं, काय घातलं ते सांगू नये, कुणी विचारू नये, आणि बूच ठोकून झालं की पिंपाच्या तोंडावर खडूनं घालणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहावं. सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा हा रिवाज.

गेली सात वर्षं या पिंपावर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. आणि नवऱ्याला जाऊन आठवं वर्ष लागलं होतं.

तिनं कॉफीची बरणी उघडली. बरा वास होता. बरा म्हणजे... बराच. दालचिनी उघडली तर दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटलं. आलं, सुकवलेलं पेअर, ओकच्या लाकडाच्या ढलप्या. नवऱ्यानं एकदा भाजलेलं बीट घातलं होतं, काय म्हणावं त्या माणसाला! एकदा धुरावलेल्या मिरच्या. गिऱ्हाइकं तोंडदेखलं ‘वा, वा’ करायची आणि ग्लास दारातल्या कुंडीत रिकामा करायची. ते झाड त्यानंच मेलं असं सगळे म्हणायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. हसताना त्याचे डोळे मिटून जायचे. त्याला ना नाक होतं ना जीभ, होता तो निव्वळ उत्साह, आणि त्या उत्साहावर तिचा जीव होता, हेही खोटं नव्हतं. ती तेव्हा पिंपं धुवायची, आत खांद्यापर्यंत हात घालून. घालताना त्यानं कधी विचारलं नाही, तुला काय वाटतं म्हणून. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की बीट नको.

मग तो एका सकाळी उठलाच नाही. नऊ दिवस सासरे कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ती तळघरात आली, तर त्यानं वर काढून ठेवलेलं पिंप तसंच, आणि शेजारी मलमलीचा रिकामा तुकडा. हातांना काम हवं होतं, एवढंच. वाळत घातलेल्या साली होत्या, मिरी होती, लवंग होती. तिनं मिरी खलात जाडसर कुटली, लवंग एकच घेतली, पुरचुंडी बांधून सोडली आणि बूच ठोकलं. नाव मात्र लिहिलं नाही. आठ दिवसांनी सासऱ्यांनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडले... लहान मुलासारखे, खांदे हलवत. सगळे बघत होते. दीर बघत होता, गिऱ्हाइकं बघत होती. सासऱ्यांनी डोळे पुसून तिला विचारलं, “लिहून ठेवलं होतं का गं त्यानं?”

आणि ती म्हणाली, “हो.”

झालं. एका शब्दाचं काम, आणि त्या पिंपावरही त्याचं नाव लागलं. पण एक खोटं सांगितलं की त्याच्या पोटापाण्याला आणखी दहा लागतात. कागद कुठं सापडला? – त्याच्या कोटात. कधी सुचलं त्याला? – खोकल्यानं आजारी होता ना, तेव्हा. तिच्या तोंडून हळूहळू दुसराच एक नवरा तयार झाला, शांत, जाणकार, जिभेचा पक्का. लोक त्याच्या आठवणीत ग्लास उंच करायचे, आणि ती पेले विसळता विसळता मान हलवायची. दर वर्षी तीच साल, तीच मिरी, तीच लवंग. दर वर्षी खडूनं त्याचं नाव. कौतुक ऐकताना पहिली दोन वर्षं तिला बरं वाटायचं. नंतर चिडचिड व्हायला लागली, आणि चिडायचं तरी कुणावर?

जिन्यावर पावलं वाजली. दीर. तो नेहमी अर्ध्या जिन्यावरूनच बोलायचा, उरलेला अर्धा उतरायला त्याला वेळ नसे.

“वहिनी, लेबलवाला चारला येतोय. दादाचा तो कागद तेवढा काढून ठेवा.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? काल नाही का सांगितलं! बारा महिने बाजारात काढायची आता ही बीअर. लेबलवर दादाच्या अक्षरात सगळं, खाली त्याचा फोटो. लोक डोळे पुसत पितील.”

“भाऊजी, कुठं ठेवलाय ते आठवत नाहीये.”

“अहो, घर डोक्यावर घ्या, पण शोधा. आणि हे पिंपही झकास होऊ द्या, आठ दिवसांनी त्याला चाखायला द्यायचंय.” तो निघून गेला. वरून त्याची शीळ ऐकू येत राहिली.

कागद नव्हताच. करायचा म्हटला तर करता आला असता. त्याचं अक्षर तिला पाठ होतं, उजवीकडे झुकलेलं, घाईतलं. जुना कागद, फिकट पेन, दहा मिनिटांचं काम. मग वर्षातला एक दिवस जाईल आणि बाराही महिने तेच, दुकानांच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेलं, आणि प्रत्येक बाटलीवर तो हसणारा... तळघराला खिडकी नव्हती. तिनं उगाच एकदा जिन्याकडे बघितलं.

रात्रभर विचार करून तिनं बेत केला होता. या वर्षी पुरचुंडीत दुसरंच काहीतरी घालायचं. कागद हरवला म्हणायचं. लेबलवाला चाखेल, तोंड वाकडं करेल, कुणीतरी म्हणेल की दादाचा हात गेला तो गेला, आणि ती चव गुपचूप मरून जाईल. आणि या नव्या पिंपावर स्वतःचं नाव. बेतात खोट काढायला जागा नव्हती.

पण आता अकरा बरण्या तीन-तीनदा हुंगून झाल्या होत्या आणि तिचा हात जाऊन जाऊन त्या एकाच झाकणावर पडत होता. कॉफी चांगली होती, पण ती कुणाचीही असती. आल्यानं काम भागलं असतं. तेवढंच, भागलं असतं. मला संत्रं आवडतं. मला. साल वाळवायची किती, मिरी कुटायची किती, लवंग एकच का, हे माझ्या नाकाला कळतं, आणि तेच मी उचलून त्याच्या नावावर करून दिलं. आता स्वतःचं म्हणून काही करायचं, तर जे आपल्याला आवडत नाही ते करायला हवं. हसावं की रडावं! आपल्याच घरात पाहुण्यासारखं अंग चोरून बसायचं, तसलं हे.

तिनं चिडून पेअर आणि आलं मलमलीत घातलं, गाठ मारली. पुरचुंडी झाली. तिच्याकडे बघावंसंही वाटेना.

काठीचा आवाज आला, मग एक पायरी, मग काठी. सासरे. बूच ठोकताना ते दर वर्षी खाली यायचे, उपड्या खोक्यावर बसायचे, आणि नाव लिहायच्या वेळी डोळे मिटून घ्यायचे. या वर्षी उतरायला त्यांना फार वेळ लागला. बसून त्यांनी दम खाल्ला, हात पुढं करून पुरचुंडी मागून घेतली आणि नाकाशी धरली.

“आलं,” ते म्हणाले.

“हो, मामंजी. म्हटलं, या वर्षी जरा बदल.”

त्यांनी पुरचुंडी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “लहानपणी घरात कुणी संत्रं सोललं की तो खोली सोडून जायचा. नाकाला रुमाल लावून. मळमळायचं त्याला.”

तिचे हात टेबलावर होते तिथंच राहिले.

“मोठेपणीही गेलं नव्हतं ते,” सासरे म्हणाले. “तुला काय सांगायचं, तू बायको त्याची.”

“मग... त्या दिवशी मला विचारलंत का?”

“पहिल्याच घोटाला कळलं होतं, सूनबाई. असा हात या घरात कुणाचाच नव्हता. माझाही नाही.” ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. “तू नाही म्हणाली असतीस, तर पिंपावर तुझं नाव लागलं असतं. मग दुसऱ्या कुठल्याही कारखान्यानं तुला नेलं असतं. असं नाक असलेल्या माणसाला कोण सोडतं? मुलगा नुकता गेलेला. म्हटलं, आता हीपण जाणार. घाबरलो मी. म्हणून विचारलं.”

“सात वर्षं, मामंजी!”

“हो.” त्यांनी मान वर केली नाही. “आता या जिन्यानं पुन्हा खाली येणं व्हायचं नाही माझ्याच्यानं. म्हणून आज बोललो. पुढचं तुझं तू बघ.”

आपण यांना जपतोय, असं ती सात वर्षं समजत होती. यांना धक्का बसू नये म्हणून तोंड शिवून घेतलं, आणि हे तर रोज समोर बसून तिच्या हातचा चहा पीत होते, सगळं माहीत असून. राग आला. इतका आला की कानशिलं गरम झाली. आणि त्या वाकलेल्या मानेकडे बघून दयाही आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. पण हात चालू झाले होते. संत्र्याची बरणी उघडली, मलमल पसरली, चिमूट न मोजता साली पडल्या, मिरी पडली, लवंग... लवंगा तिनं या वेळी दोन घातल्या. का, ते तिला माहीत नव्हतं. नाक म्हणालं, दोन. पुरचुंडी पिंपात सोडली, बूच बसवलं आणि लाकडी हातोड्याचे तीन ठोके दिले. तिसरा जरा जोरात बसला.

सासऱ्यांनी सवयीनं डोळे मिटून घेतले.

तिनं खडू उचलला. पिंपाच्या तोंडावर गेल्या वर्षीच्या नावाची पुसट रेघ अजून होती, धुऊनही न गेलेली. तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली, परत पुसली. वरून दिराची हाक आली, “वहिनी! सापडला का कागद?”

‘हो’ तिच्या ओठांपर्यंत आला, सवयीचाच तो. आणि या वेळी तिथंच राहिला. तिनं बोटं नाकाशी नेली. संत्रं, मिरी, लवंग. वर दीर पुन्हा हाका मारत होता. लाकूड अजून ओलं होतं, खडू उमटायला ते वाळायला हवं होतं, आणि ती त्याच्यासमोर उभी राहून वाट बघत होती.