हात ठेवण्याचा रविवार

आमच्या मंडळीत पास्टर दोन होते आणि व्यासपीठ एकच. भांडण तिथेच होतं, पण त्याला कोणी भांडण म्हणत नसे. सगळे म्हणायचे, "पद्धत आहे तशी."

थोरले पास्टर म्हणजे माझे धाकटे दीर. मंडळीला ते थोरले, मला भावजी. माझे यजमान गेले तेव्हा मी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागले, चादरी उकळून मुलं वाढवली. पन्नाशी उलटल्यावर याच भावजींनी मला अक्षरं शिकवली. रविवारची उपासना संपली की रिकाम्या बाकावर मला बसवायचे आणि म्हणायचे, "वहिनी, 'ळ'ला घाबरू नका. दिसायला वाकडा आहे, स्वभावाने गरीब आहे." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते वाईट दिसतील. ते नुसतेच वाईट नव्हते.

धाकटे पास्टर आमच्याकडे आले ते सडपातळ, चष्मेवाले, गाण्यात पार बेसूर. त्यांची दीक्षा व्हायची होती. दीक्षा होईपर्यंत पाळक अर्धाच. त्याने उपदेश करायचा, आजाऱ्यांना भेटायचं, सभेच्या खुर्च्या लावायच्या आणि उचलायच्या. बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजन द्यायचं नाही, लग्न लावायचं नाही. बाकीच्यांची दीक्षा वर्षभरात होते. यांची दर वर्षी पुढे जायची. वरून विचारणा झाली की थोरले उत्तर द्यायचे, "अजून कच्चे आहेत."

आमचा शिंपी मला हळूच म्हणाला, "आक्का, केळंसुद्धा इतके दिवस पिकत ठेवलं तर काळं पडतं." पण हे तो मला म्हणाला. थोरल्यांसमोर त्याच्या तोंडात सुई-दोरा असायचा.

थोरल्यांचं दुखणं कुठे होतं ते मला वॉर्डात कळलं. बेकरीवाल्याची आई शेवटच्या दुखण्यात होती. पाठीला जखमा झालेल्या, वास यायचा, आल्या-गेल्यांनी खुर्ची हळूहळू मागे सरकवलेली. धाकटे रोज जायचे आणि पलंगाच्या कडेलाच बसायचे. एके दुपारी थोरले स्वतः गेले, पांढरा शर्ट, हातात पवित्र शास्त्र. मी आणि धाकटे मागे उभे. थोरल्यांनी प्रार्थना सुरू करायला डोळे मिटले, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "तुम्ही जरा सरका हो. मला आमच्या पास्टरांना बघू दे."

तीस वर्षं ते तिचे पास्टर होते. तिचं लग्न सोडून तिच्या घरचं सगळं त्यांनीच केलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कांजी जास्त झालेल्या कापडासारखा चेहरा झाला होता, हात लावला तर मोडेल असा.

ते सरकले. प्रार्थना धाकट्यांनी केली. आणि पुढच्या रविवारी टेबलावर घंटी आली.

शाळेत असते तशी, वरून टिचकी मारायची पितळी घंटी. थोरल्यांनी जाहीर केलं की उपदेश फार लांबतात, लहान मुलं कंटाळतात, म्हणून वेळ झाली की घंटी वाजेल. त्यांचे स्वतःचे उपदेश इतके लांबायचे की मुलं झोपून उठून पुन्हा झोपायची, पण ते असो. घंटी माझ्यापुढे ठेवली होती. मंडळीचा कारभार बघतात त्यांना आमच्यात वडील म्हणतात. शिंपी आणि कंपाउंडर वडील होते, आणि बाई असून मीही वडील होते. भावजींनीच मला त्या खुर्चीवर बसवलं होतं. तेव्हा शिंपी म्हणाला होता, "एक मत घरातलं असलेलं बरं असतं." मला ते कौतुक वाटलं होतं. काय बाई मी तरी!

ठरलं असं, की थोरल्यांनी चष्मा काढला की मी टिचकी मारायची.

त्या दिवशी धाकटे बोलत होते एका बापाविषयी, ज्याने घर सोडून गेलेल्या मुलाची खोली रोज झाडून ठेवली. बोलताना अडखळले, पुन्हा बोलले. मागच्या बाकावरचा ट्रकवाला, ज्याचा मुलगा खरंच निघून गेला होता, मान खाली घालून रडत होता. थोरल्यांनी चष्मा काढला. मी पाहिलं. त्यांनी तो पुसला, लावला, पुन्हा काढला. मी घंटीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वहिनी, घंटी?"

"ऐकत होते भावजी."

"ऐकता ऐकता विसरलात म्हणायचं."

"ऐकत होते म्हणून वाजवली नाही."

ते हसले, चारचौघांत हसतात तसं. मला कळलं की हे इथे संपत नाही.

मधे वरच्या कार्यालयाने थोरल्यांचा कान धरला. दीक्षा आता टाळता येणार नाही, येत्या रविवारीच करा, तीन ज्येष्ठ पाळक येतील, असा निरोप आला. मंडळीत आनंद झाला. शनिवारी थोरले आपला झगा न्यायला माझ्याकडे आले. त्यांच्या पांढऱ्या झग्याला मीच कांजी घालते, मीच इस्त्री करते. एरवी दारातूनच घेऊन जायचे. त्या दिवशी आत येऊन बसले.

"उद्या विचारतील," ते म्हणाले, "की या माणसाची साक्ष कोण देतो."

हे मला ठाऊक होतं. दीक्षेच्या आधी अध्यक्ष विचारतात, आणि त्या मंडळीच्या वडिलांपैकी एकाने तरी उभं राहून सांगावं लागतं की हा माणूस आम्हाला पाळक म्हणून हवा आहे. कोणीच उठलं नाही तर दीक्षा होत नाही, आणि मग तो माणूस पुन्हा कुठल्या मंडळीत लागत नाही.

"विचारतील तर शिंपी उठेल," मी म्हटलं.

"शिंपी उठणार नाही. कंपाउंडरही नाही. मी सगळ्यांना भेटून आलो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी कोणाला 'नको' म्हणा असं सांगत नाही. नुसतं बसून राहायचं. बसून राहण्यात पाप नाही."

मी इस्त्री उभी करून ठेवली. "त्यांच्यात खोट काय आहे, भावजी?"

"खोट नाही. घाई आहे. कालची पोरं, आल्या आल्या सगळं हवं."

"त्यांना कसली घाई? तुम्ही म्हणाल तिथे खुर्च्या उचलतायत."

"मी नाही उचलल्या? जुन्या पास्टर साहेबांनी माझी दीक्षा किती वर्षं अडवली, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडून स्वतःची गाडी धुवून घ्यायचे."

"ठाऊक आहे. आमच्या पायरीवर बसून तुम्ही रडला होतात. तुमच्या दादांनी तुम्हाला चहा पाजला आणि त्या साहेबांना शिव्या घातल्या."

"मग?"

"मग काय. सासूने छळलं, आणि तुमची पाळी आली तशी तुम्ही सासू झालात."

ते उठले. कान लाल झाले होते. दारापाशी थांबून त्यांनी शेवटचा बाण काढला. "वहिनी, अक्षर मी शिकवलं तुम्हाला. हे एवढं लक्षात ठेवा."

"रोज ठेवते. पण फी म्हणून जीभ देईन असं मी कधी बोलले नव्हते."

"उद्या उभ्या राहिलात तर या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

माझ्या माहेरचं कोणी उरलं नाही. सासरचे हे एकच. मी झगा घडी न मोडता त्यांच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "सांभाळून न्या. बाहेर धूळ आहे."

ते गेल्यावर मी धाकट्यांच्या खोलीवर गेले. त्यांची बायको भांडी कागदात गुंडाळत होती. बातमी तिच्यापर्यंत आली होती. "आत्या, माझे वडील म्हणतात त्यांच्या फरशीच्या दुकानात या. नुसतं बसून हिशोब बघायचा." धाकटे खिडकीशी उभे होते. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं, कागद सोडवला आणि पातेलं परत शेगडीवर ठेवलं. म्हटलं, "उद्या दुपारचा स्वयंपाक कशात करशील?"

रविवारी तिघे ज्येष्ठ आले. एक अध्यक्ष, धिप्पाड, आवाज ढोलासारखा. दुसरे सारखं घड्याळ बघणारे. तिसरे फार म्हातारे, दोन्ही कानांनी बहिरे. उपासनेआधी मागच्या खोलीत चहा होता आणि कपबशा माझ्याकडे होत्या.

"आजकालची पोरं," अध्यक्ष म्हणाले, "दाढी वाढवली आणि गिटार घेतली की झाले पाळक."

"आमच्याकडच्याच्या सभेला तर माझ्यापेक्षा गर्दी," घड्याळवाले म्हणाले. "मी सभाच बंद केली. शिस्त हवी."

थोरले म्हणाले, "हेच. हेच मी म्हणतो."

त्यांच्याकडे बघून मला आमच्या भावजींची कीव आली. दुखणं घराघरात होतं. बहिरे साहेब तेवढे बिस्कीट बुडवण्यात गुंग होते.

उपासना सुरू झाली, गीत झालं, अध्यक्ष पुढे आले. धाकटे एकटे समोर उभे. अध्यक्षांनी विचारलं, "या मंडळीच्या वडिलांपैकी या माणसाची साक्ष कोण देतो?"

शिंपी स्वतःच्या बुटांकडे बघत होता, जणू ते आज पहिल्यांदाच भेटले. कंपाउंडरने रुमाल काढून नाक पुसायला घेतलं. पहिल्या रांगेतल्या बाकावर धाकट्यांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत मी उठले.

"मी देते."

थोरले बसल्या जागेवरून म्हणाले, "अध्यक्ष, या माझ्या वहिनी. घरातली साक्ष धरावी का, याचा विचार व्हावा."

"इतकी वर्षं घरातलं मत धरलंत ना भावजी? तेव्हा कोणी विचार केला नाही. आज साक्षसुद्धा धरा." मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी अध्यक्षांकडे वळले. "साहेब, हे पास्टर बेसूर गातात. उपदेश कधी कधी भरकटतो. पण बेकरीवाल्याच्या आईच्या जखमांना वास यायला लागला, तेव्हा सगळ्यांच्या खुर्च्या मागे गेल्या आणि यांची पुढे आली. मी तिच्या चादरी पाहिल्या आहेत, मला विचारा. आम्हाला हा माणूस पाळक म्हणून हवा आहे. मंडळीची वडील म्हणून सांगते."

"आमेन," ट्रकवाला उठून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

अध्यक्ष घुटमळले. पण साक्ष झाली की झाली, ती परत पोटात घालता येत नाही. त्यांनी धाकट्यांना गुडघे टेकायला सांगितलं. दीक्षा डोक्यावर हात ठेवून देतात, आणि आमच्यात पहिला हात त्या मंडळीच्या पाळकाचा, मग पाहुण्यांचे, मग वडिलांचे. धाकट्यांनी मान खाली घातली. सगळे थोरल्यांची वाट बघू लागले.

थोरले उठले नाहीत. दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर.

घड्याळवाल्यांनी घड्याळ पाहिलं. बाकं करकरायला लागली. धाकट्यांचे कान लाल झाले होते, आणि ते हळूच म्हणाले, "असू दे, आत्या." एक गुडघा त्यांनी उचललासुद्धा.

"उठायचं नाही," मी म्हटलं. "कोणी सांगितलं उठायला?"

त्यांनी गुडघा परत टेकला.

मी बाकांकडे तोंड केलं. "ज्यांना हे पाळक हवे आहेत त्यांनी उभं राहावं. हात लागेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. मीसुद्धा इथेच आहे."

बेकरीवाला उभा राहिला. ट्रकवाला उभाच होता. मग बायका, मग पोरं, मग बाक मागे सरकवत सगळेच. शिंपी शेवटी उठला, बुटांची रजा घेऊन.

बहिरे साहेबांना वाटलं उपासना संपली. "झालं का?" ते मोठ्याने म्हणाले.

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "नाही साहेब! सुरूच व्हायचंय!"

"मग थांबलात कशाला? पोराचे गुडघे दुखतील." आणि ते काठी टेकत सरळ पुढे आले, धाकट्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. पहिला हात कोणाचा, हे त्यांना ऐकू आलं नव्हतं की आलं होतं, ते देव जाणे. अध्यक्षांना मग मागे राहता येईना. त्यांचा हात आला. घड्याळवाल्यांचा आला. मी माझा ठेवला. शिंप्याचा, कंपाउंडरचा. डोकं दिसेनासं झालं.

तेव्हा भावजी उठले. सगळी मंडळी उभी आणि आपण एकटे बसलेले, हे त्यांना सोसलं नसावं. की आणखी काही होतं, मी विचारलं नाही. ते आले, हात पुढे केला, पण डोक्यावर जागा उरली नव्हती. त्यांचा हात माझ्या हातावर पडला. थंडगार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात काढून त्यांना जागा द्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती, पद्धतीप्रमाणे.

मी हात काढला नाही.

तसाच माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना म्हटली. आवाज नेहमीचा नव्हता, पण शब्द एकही गाळला नाही. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं ते मी.