पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, दुपारची पेशंटची रांग ओसरल्यावर, शिरूरच्या एका मिशन दवाखान्यातल्या कृपाबाई नर्सच्या हाती मुंबईच्या वैद्यकीय मासिकाचं पाकीट पडलं. जाड होतं. लेख परत आला, हे फोडण्याआधीच त्यांना कळलं.

चार वर्षं त्या घोडनदीकाठच्या दोन वस्त्यांवर नारूचे रोगी मोजत होत्या. लोक पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरत आणि वर्षभराने कुणाच्या नडगीतून, कुणाच्या घोट्यातून तो दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर येई. कृपाबाईंनी घागरीच्या तोंडाला लुगड्याची चौपदरी घडी बांधून पाणी गाळायला सांगितलं. एका वस्तीने ऐकलं, दुसरीने नाही. चौथ्या वर्षी पहिलीत दोन रोगी निघाले, दुसरीत एकवीस.

"लिही, कृपा. इंग्रजी मी तपासते," असं दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. लेख टाइप झाला आणि दिवाळीनंतर मॅडम कायमच्या मायदेशी गेल्या. त्यांना दौंडला आगगाडीत बसवून कृपाबाई एसटीने एकट्याच परतल्या. नवे डॉक्टर भले होते, पण नारूचं नाव काढलं की घड्याळाकडे बघत.

संपादकांचं पत्र चार ओळींचं होतं. निरीक्षणं काळजीपूर्वक केलेली आहेत, मात्र त्यांत नवीन काही नाही. पाणी गाळल्याने नारू टळतो हे पन्नास वर्षांपूर्वीच ठाऊक झालेलं आहे.

चुकलं म्हणाले असते तर कृपाबाई भांडल्या असत्या. बरोबर आहे म्हणणाऱ्याशी काय भांडायचं?

दुसऱ्या वस्तीवरच्या साखरबाई पायाची पट्टी बदलायला लंगडत आल्या. "बाई, तोंड का असं? कुनी वारलं का?"

"नाही. मी लिहिलेलं परत आलं."

"खोटं निघालं व्हय?"

"खरंच आहे. पण आधीपासून ठाऊक होतं म्हणे."

"कुनाला? आमाला तर कुनी सांगितलं न्हाई."

"मी सांगितलं होतं की, साखरबाई."

"व्हय, सांगितलंत. पर तुमी एकल्याच सांगत व्हत्या."

कृपाबाईंनी पट्टी बांधली. संध्याकाळी त्या उत्तर लिहायला बसल्या. पहिला कागद फार चिडका झाला, तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'जी गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होती, ती मला इथे चार वर्षं मोजून शोधावी लागली. हे मूळ काम कुणी केलं आणि कुठे छापलं, तेवढं कृपया कळवावं. मला वाचायचं आहे.'

उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण जूनमध्ये एक पिवळी पडलेली पातळ पुस्तिका आली. सोबत चिठ्ठी: लेखक लष्करी डॉक्टर होते, ते वारून बरीच वर्षं झाली.

आत तक्ता होता. गाळणारी घरं, न गाळणारी घरं, रोगी. रकाने थेट कृपाबाईंच्या वहीतल्यासारखे. त्यांनी आपली वही शेजारी उघडून ठेवली आणि एकेक ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी आपल्या कामाचं बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुस्तिका घेऊन साखरबाईंच्या वस्तीवर गेल्या. छापील आकडे बघून तीन घरांनी घडी बांधली. बाकीच्यांनी चहा पाजला आणि बोळवण केली.

न गाळणाऱ्यांची त्या लष्करी डॉक्टरने समजूत कशी घातली असेल? परत आल्यावर कृपाबाईंनी पुस्तिका पहिल्यापासून पुन्हा चाळली. ते त्याने कुठेच लिहिलं नव्हतं.